ओकिनावाचा सातबारा

नाहाहून ५८ क्रमांकाच्या हमरस्त्याने उत्तरेला निघालं की उरासोएला डाव्या हाताला, पुढे चातान आणि कादेनाला उजव्या हाताला, तारेच्या जाळीचं उंच कुंपण गाडीची सोबत करतं. आत कातरलेली हिरवळ, ऐसपैस घरं, बेसबॉलचं मैदान. बाहेर एकमेकींना खेटून उभ्या इमारती आणि खोळंबलेल्या गाड्या. अमेरिकी अमलात हा रस्ता 'लष्करी मार्ग क्रमांक १' होता, आणि जुलै १९७८ पर्यंत इथली वाहनं अमेरिकी रीतीने उजव्या बाजूने चालत. कुंपणावर थोड्याथोड्या अंतराने एक पाटी लावलेली असते. ही अमेरिकी लष्कराची जागा आहे, विनापरवाना आत शिरल्यास जपानी कायद्यानुसार शिक्षा होईल, असं तिच्यावर इंग्रजीत आणि जपानीत बजावलेलं असतं. म्हणजे कुंपण अमेरिकेचं, कायदा जपानचा, आणि जमीन? मध्य ओकिनावात तरी ती बहुतेक ठिकाणी खासगी मालकीची, कुणाच्या तरी आजोबांच्या नावावरची. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरची टीका बहुधा वॉशिंग्टनकडे डोळे लावून लिहिलेली असते: कोणता अध्यक्ष, कोणतं युद्ध, कुणाचं सरकार कुणी उलथवलं. ओकिनावात हिंडताना ती टीका मला अपुरी वाटत गेली. परदेशातली अमेरिकी सत्ता जितकी विमानवाहू जहाजांवर उभी आहे तितकीच भाडेपट्ट्यांवर, मोजणीच्या नकाशांवर आणि दुसऱ्या देशाच्या सरकारी शिक्क्यांवर उभी आहे. म्हणून तिला सर्वांत जास्त सतावलं ते पुढाऱ्यांनी किंवा विचारवंतांनी नव्हे, तर आपला सातबारा सोडायला तयार नसलेल्या शेतकऱ्यांनी. या बेटाच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासातून मला दिसतं ते हे.

जमीन गेली कशी, हे आधी पाहायला हवं. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकी फौजा मुख्य बेटावर उतरल्या, २३ जूनला संघटित प्रतिकार संपला. दोन लाखांहून अधिक माणसं मेली. ओकिनावातल्या रहिवाशांपैकी अंदाजे दर चौघांतला एक त्यांत गेला. दक्षिणेला माबुनीच्या कड्यावर काळ्या दगडाच्या भिंतींवर ही नावं कोरली आहेत, जपानी, ओकिनावी, कोरियन आणि अमेरिकीही. वाचलेल्यांना छावण्यांत ठेवण्यात आलं आणि ते छावण्यांत असतानाच त्यांच्या शेतांवर धावपट्ट्या आखल्या गेल्या. फुतेन्माचा तळ ज्या जागेवर आहे तिथे गावं होती, शाळा होती, गिनोवानची ग्रामकचेरी होती. लोक परतले तेव्हा गाव जाळीच्या आत गेलेलं होतं, म्हणून ते जाळीला चिकटून वसले. 'तळ आधीपासून ओसाड रानात होता, भाड्याच्या लोभाने माणसं मागाहून येऊन बसली' अशी एक दंतकथा जपानात अधूनमधून डोकं वर काढते, तिला या जागेचा जुना नकाशा पुरेसा आहे. व्यापलेल्या प्रदेशात खासगी मालमत्ता जप्त करता येत नाही, असा १९०७ च्या हेग नियमावलीचा दंडक आहे. तो मोडला गेला, आणि मग मोडलेलं कायदेशीर करून घेण्याचा लांबलचक उद्योग सुरू झाला.

त्या उद्योगातला मोठा कागद म्हणजे १९५१ चा सॅन फ्रान्सिस्को करार. त्याच्या तिसऱ्या कलमाने रिउक्यू बेटांचा कारभार अमेरिकेच्या हाती दिला, आणि २८ एप्रिल १९५२ ला जपान स्वतंत्र झाला तो ओकिनावा मागे ठेवून. आपल्याकडे हे फारसं कुणाच्या लक्षात नाही, पण नेहरूंच्या सरकारने त्या परिषदेला जायला नकार दिला होता, आणि नकाराच्या कारणांत ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात ठेवण्याला हरकत हे एक कारण होतं. भारताने जपानशी जून १९५२ मध्ये वेगळा तह केला. दिल्लीच्या त्या हरकतीने ओकिनावात काही बदललं नाही, हे मान्य. पण त्यावेळी दुसरा पर्याय कुणाला सुचलाच नव्हता, असं आज म्हणता येत नाही. २०१३ मध्ये टोकियोत २८ एप्रिल हा 'सार्वभौमत्व परत मिळाल्याचा दिवस' म्हणून सरकारी थाटात साजरा झाला. ओकिनावात तो अपमानाचा दिवस म्हणून ओळखला जातो, आणि त्या दिवशी तिथे निषेधाची सभा भरली.

मोतोबूच्या धक्क्यावरून बोटीने अर्ध्या तासात इए बेट येतं. सपाट, भुईमुगाचं आणि उसाचं बेट, मधोमध एकच टोकदार टेकडी. १९४५ मध्ये इथे सुमारे १,५०० गावकरी मेले. एर्नी पाइल हा नावाजलेला अमेरिकी युद्धवार्ताहरही इथेच मारला गेला, त्याचा स्मृतिदगड बेटावर आहे. मार्च १९५५ मध्ये सुमारे ३०० सशस्त्र सैनिक बेटावर उतरले आणि बाँबफेकीच्या सरावासाठी त्यांनी माजा गावातली १३ घरं पाडली. त्या वर्षांतल्या अशा जप्त्यांना ओकिनावात 'संगिनी आणि बुलडोझर' हेच नाव पडलं. आहागोन शोको या शेतकऱ्याने बेटावर एक छोटं संग्रहालय उभारलं, संग्रहालयाच्या नावाचा अर्थ 'जीव हाच ठेवा'. सरावाच्या बाँबचे सांगाडे, फाटके कपडे, जुने फलक, पत्रं असं सगळं तिथे दाटीवाटीने मांडलं आहे. काचेच्या पेट्यांचा डामडौल नाही. सरकारी युद्धस्मारकात वस्तूंभोवती जी अदब पाळली जाते तिचा इथे मागमूस नाही, आणि मला ते योग्य वाटलं. हे पुरावे आहेत, देव्हाऱ्यातल्या मूर्ती नव्हेत.

त्या पुराव्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो गावकऱ्यांनी १९५४ मध्ये स्वतःसाठी केलेल्या नियमांचा कागद. अमेरिकी अधिकाऱ्यांशी बोलणी करताना कसं वागायचं, याचे ते नियम. अमेरिकाविरोधी व्हायचं नाही. रागवायचं नाही, वाईटसाईट बोलायचं नाही. बोलताना खाली बसायचं. हात कानाच्या वर न्यायचा नाही. शेवटचा नियम पाहावा. हात कानाच्या वर गेला की समोरचा सैनिक 'आमच्यावर हात उगारला' म्हणायला मोकळा. याला कुणी भाबडी अहिंसा म्हणेल. मला यात कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या शेतकऱ्याचा धूर्तपणा दिसतो: कागदावर आपल्याविरुद्ध एक ओळही लिहिली जाता कामा नये. जुलै १९५५ पासून हे लोक पुढचे सहासात महिने 'भिकाऱ्यांची पदयात्रा' काढून मुख्य बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत गावोगाव फिरले. भीक मागणं लाजिरवाणं आहे, पण आम्हाला भीक मागायला लावणं त्याहून लाजिरवाणं आहे, हा त्यांचा सांगावा होता.

जून १९५६ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्राइस समितीचा अहवाल आला. ओकिनावा मोलाचं का, याचं त्यातलं कारण वाचण्यासारखं आहे: इथे राजकीय ताबा आपला आहे, आक्रमक राष्ट्रवादी चळवळ नाही, आणि अण्वस्त्रं ठेवण्यावर किंवा वापरण्यावर कुठल्या परक्या सरकारचं बंधन नाही. चळवळ नाही असं सांगणारा हाच अहवाल जाहीर झाला आणि साऱ्या बेटावर चळवळ पेटली. समितीने एकरकमी पैसे देऊन जमीन कायमची घेण्याची शिफारस केली होती, लोकांनी ती धुडकावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तुरुंगातून सुटून फार दिवस न झालेले सेनागा कामेजिरो नाहाचे महापौर म्हणून निवडून आले. अमेरिकी प्रशासनाने शहराचे पैसे गोठवले, पाणी तोडलं. नाहाचे लोक कर भरायला रांगा लावून उभे राहिले. अखेर १९५७ मध्ये निवडणुकीचे नियमच बदलून सेनागांना हटवलं गेलं, तर पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांच्याच बाजूचा माणूस निवडला. लोकशाही शिकवायला आलेल्या राजवटीची ही फजिती होती. एकरकमी खरेदीचा बेत मागे घ्यावा लागला, भाडं वाढवावं लागलं. तळ हलले नाहीत, पण जमिनीवरची मालकी शाबूत राहिली. सगळं नंतरचं राजकारण या एका मुद्द्यावर शक्य झालं, असं माझं मत आहे. जमीन विकली गेली असती तर पुढे भाडेपट्टा संपला म्हणून सांगायला कुणी उरलंच नसतं.

इथे चळवळीच्या बाजूच्या लोकांना न आवडणारी एक गोष्ट सांगायला हवी. जनतेच्या विरोधाने तळ हटतात हे खरं, पण हटून ते जातात कुठे? १९५० च्या दशकात जपानच्या मुख्य भूमीवरही तळांविरुद्ध जोरदार आंदोलनं झाली. टोकियोजवळ सुनागावाच्या शेतकऱ्यांनी धावपट्टीची वाढ रोखून धरली. मार्च १९५९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने अमेरिकी फौजांचं वास्तव्यच घटनाबाह्य ठरवलं, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. या दोन निकालांच्या मधल्या काळात अमेरिकेचे राजदूत जपानच्या सरन्यायाधीशांना खासगीत भेटले होते, हे २००८ मध्ये अमेरिकेच्याच दप्तरांतून बाहेर आलं. तरी धावपट्टी झाली नाही ती नाहीच. शेतकरी जिंकले. पण याच दशकात गिफू आणि यामानाशी भागांतले मरीन ओकिनावात हलवण्यात आले, कारण तिथे मतदारांना जुमानायची गरज नव्हती. एका ठिकाणच्या लोकांचा विजय दुसऱ्या ठिकाणच्या लोकांच्या माथी बसला. आज जपानच्या ०.६ टक्के भूभागावर, केवळ अमेरिकी फौजांसाठी राखलेल्या जपानभरच्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आहे, त्याचं मूळ इथे आहे. 'तळ हवेत, पण आमच्याकडे नकोत' ही टोकियोची मनोवृत्ती अमेरिकी मुत्सद्द्यांना फार सोयीची ठरली.

१५ मे १९७२ ला ओकिनावा जपानला परत मिळालं. त्याआधी १९६० च्या दशकात इथे एके काळी हजारावर अण्वस्त्रं होती, आणि १९६८ पासून कादेनाहून बी-५२ विमानं व्हिएतनामवर बाँब टाकायला जात होती. लोकांना वाटलं होतं, जपानच्या शांततावादी घटनेखाली आलो की तळ आटतील. झालं ते असं की अमेरिकी हुकमाची जागा जपानी कायद्याने घेतली. भाडं आता टोकियो भरू लागलं, आणि जो मालक सही देणार नाही त्याची जमीन सक्तीने वापरायला खास कायदा केला गेला. संकटकाळी अण्वस्त्रं पुन्हा आणू द्यायची, असा गुप्त करार अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांच्यात १९६९ मध्येच झाला होता. वाटाघाटीतल्या मध्यस्थानेच तो १९९४ मध्ये उघड केला.

या कायदेशीर इमारतीची भेग कुठे दिसली तर योमितान गावात. तिथे 'हत्तीचा पिंजरा' म्हणून ओळखलं जाणारं, टेहळणीच्या अँटेनांचं प्रचंड वर्तुळ होतं. त्यातल्या एका तुकड्याचे मालक चिबाना शोइची यांनी पट्टा वाढवून द्यायला नकार दिला. असा नकार आला की गव्हर्नरने मालकाच्या वतीने सही करायची, अशी तरतूद होती. पण सप्टेंबर १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला होता. आरोपपत्र दाखल होईपर्यंत त्यांना जपानी पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आलं नाही. ऑक्टोबरात गिनोवानला ८५,००० माणसं जमली. गव्हर्नर ओता मासाहिदे यांनी सही नाकारली. ३१ मार्च १९९६ च्या मध्यरात्री पट्ट्याची मुदत संपली, आणि त्या क्षणापासून अमेरिकेचं एक हेरगिरीचं केंद्र कायद्याच्या भाषेत दुसऱ्याच्या जमिनीवरचं अतिक्रमण झालं. मे महिन्यात चिबाना कुटुंबासह आपल्या जमिनीवर दोन तास बसून आले. एप्रिल १९९७ मध्ये जपानी संसदेने घाईघाईने कायदा बदलला: सुनावणी चालू असेल तर मुदत संपल्यावरही ताबा चालू राहील. मोठ्या मताधिक्याने तो मंजूर झाला. चळवळ हरली असं म्हणायला हरकत नाही. पण एका जमीनमालकाच्या काही गुंठ्यांसाठी एका महासत्तेच्या मित्रराष्ट्राला आपला कायदा बदलावा लागतो, हेही ध्यानात घ्यावं. पिंजरा पुढे पाडला गेला, ती जमीन परत मिळाली. योमितानच्या लोकांनी तर त्याआधीच एका लष्करी धावपट्टीच्या आवारात आपली ग्रामकचेरी बांधून घेतली होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो चांगला आहे: मग यात अमेरिकेचा दोष काय? कायदे जपानचे, पैसे जपानचे, पोलीस जपानचे. खुद्द वॉशिंग्टनही 'हा जपानचा अंतर्गत प्रश्न' म्हणून हात वर करतं. आक्षेपाला आधारही आहे. १९९५ च्या प्रकरणाच्या वेळी अमेरिकेचे राजदूत असलेले वॉल्टर मोंडेल यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की आपण इथून जावं असं जपान सरकारलाच नको होतं. जपानचे संरक्षणमंत्री मोरिमोतो सातोशी २०१२ मध्ये पद सोडताना म्हणाले की लष्करीदृष्ट्या तळ ओकिनावातच असायला हवा असं नाही, राजकीयदृष्ट्या ती सर्वांत सोयीची जागा आहे. तरी माझ्या मते आक्षेपातून उलटाच निष्कर्ष निघतो. १९६० च्या सैन्यदर्जा कराराने तळाच्या आतला कारभार जवळजवळ संपूर्णपणे अमेरिकेकडे आहे. २०२२ पासूनच्या पाच वर्षांत जपान तळांच्या खर्चासाठी दरसाल सरासरी सुमारे २११ अब्ज येन देतो आहे. फायदा घ्यायचा आणि जबाबदारीची सही दुसऱ्याकडून करून घ्यायची, ही धोरणातली चूक नाही, हेच धोरण आहे. ते टिकतं ते यजमान सरकार आणि त्याचे लोक यांच्यामधल्या अंतरावर. म्हणून ओकिनावाची लढाई एकाच वेळी दोन राजधान्यांशी आहे.

गिनोवानच्या काकाझु टेकडीवर पृथ्वीगोलाच्या आकाराचा निरीक्षण मनोरा आहे. एप्रिल १९४५ मध्ये या टेकडीसाठी भयंकर लढाई झाली होती, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतीचा तुकडा अजून जपून ठेवला आहे. मनोऱ्यावरून फुतेन्मा पूर्ण दिसतं: शहराचं पोट कापून ठेवल्यासारखी २,७०० मीटरची धावपट्टी, राखाडी ऑस्प्रे विमानं ओळीने उभी, आणि चहूबाजूंनी जाळीपर्यंत आलेली घरं, शाळा, दवाखाने. शहराचा सुमारे चतुर्थांश भाग त्या जाळीच्या आत आहे. ऑगस्ट २००४ मध्ये एक लष्करी हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळलं. अमेरिकी सैनिकांनी जागा वेढली आणि जपानी पोलिसांनाही आत येऊ दिलं नाही. त्याच सुमारास इथले मरीन इराकला निघाले होते, पुढे ते फलुजाच्या लढाईत होते. डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या हेलिकॉप्टरची खिडकी शाळेच्या मैदानावर पडली, तेव्हा मैदानात मुलं होती. व्हिएतनाम काय, इराक काय, ओकिनावाच्या रक्षणाशी त्यांचा काय संबंध, हा प्रश्न या टेकडीवर फार सरळ होऊन समोर येतो.

एप्रिल १९९६ मध्ये पाच ते सात वर्षांत फुतेन्मा परत देण्याची घोषणा झाली, बदली तळ मिळण्याच्या अटीवर. ती बदली म्हणजे नागो शहराच्या हद्दीतलं हेनोको. ओउरा उपसागरात भर घालून धावपट्ट्या बांधायच्या आहेत. प्रवाळ आणि समुद्री गवत यांसाठी हा उपसागर ख्यात आहे, डुगोंग हे दुर्मीळ सागरी प्राणी इथे चरायला येत. तिथल्या कॅम्प श्वाब या अमेरिकी तळाच्या फाटकासमोर जुलै २०१४ पासून ठिय्या आहे, किनाऱ्यावरचा तर २००४ पासून. फाटकाबाहेर किती दिवस झाले त्याचा आकडा लिहिलेला फलक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, निळी ताडपत्री. डांबरावर तळाची हद्द दाखवणारी पिवळी रेघ, जिच्यापलीकडे पाऊल गेलं की अटक होऊ शकते. खडीचे ट्रक दिवसातून ठरलेल्या वेळी रांगेने येतात. दंगल पोलीस येतात, बसलेल्यांना हातापायांना धरून उचलतात, बाजूला नेतात, ट्रक आत जातात, आणि माणसं परत येऊन त्याच जागी बसतात. बहुतेक केस पिकलेले. पोलीस नातवांच्या वयाचे, आणि ओकिनावाचेच. याला नाटक म्हणणारे आहेत. पण या 'नाटका'मुळे रोजचा काही वेळ वाया जातो, आणि वर्षं गेल्यामुळे सरकारला समुद्राचा तळ नीट तपासावा लागला. तेव्हा कळलं की उपसागराच्या एका भागात गाळ इतका मऊ आहे की तो पाण्याच्या पातळीखाली ९० मीटरपर्यंत जातो. हजारो खांब ठोकून तो घट्ट करायचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये खर्चाचा अंदाज ९३० अब्ज येनवर गेला आणि मुदत आणखी किमान बारा वर्षांवर.

फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात ७२ टक्के मतं भरावाच्या विरोधात पडली. भराव थांबला नाही. गव्हर्नर ओनागा ताकेशी हे जुने पुराणमतवादी पक्षाचे नेते, त्यांनी आधीच्या गव्हर्नरने भरावाला दिलेली परवानगी रद्द केली, कोर्टात हरले, २०१८ मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतरचे तामाकी डेनी यांनी गाळाच्या नव्या आराखड्याला मंजुरी नाकारली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्याने गव्हर्नरच्या जागी स्वतः मंजुरी दिली. स्थानिक स्वराज्याच्या कायद्याखाली असं जपानात पहिल्यांदाच घडलं. १९९६ ची सहीची गोष्टच पुन्हा घडली, फक्त यावेळी कागद समुद्राचा होता. तामाकी यांचे वडील अमेरिकी मरीन होते. अमेरिकाद्वेषाचा शिक्का मारणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी विचारात घ्यावी. डुगोंगच्या वतीने पर्यावरणवाद्यांनी २००३ मध्ये खटला भरला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात, अमेरिकेच्याच वारसा-संरक्षण कायद्याखाली. २००८ मध्ये संरक्षण खात्याने तो कायदा पाळला नाही असा निकालही मिळवला, जरी शेवटी खटला हरले. 'अमेरिकाविरोधी व्हायचं नाही' हा इए बेटाचा नियम सत्तर वर्षांनीही सुटलेला नाही.

सर्वांत जड आक्षेप चीनचा. सेन्काकू बेटांभोवती चिनी तटरक्षक नौका घिरट्या घालतात, तैवान इथून हाकेच्या अंतरावर आहे, युक्रेननंतर 'शेजारी हल्ला करणार नाही' असं छातीठोकपणे म्हणणं अवघड झालं आहे. चळवळीतले काही लोक हा प्रश्न टाळतात, आणि ते मला पटत नाही. भीती खरी आहे. ओकिनावा प्रांतातल्याच योनागुनी बेटाच्या रहिवाशांनी २०१५ च्या सार्वमतात जपानी सैन्याची छावणी मान्य केली, तीही जनतेचीच मतं होती. पण भीती मान्य केली तरी त्यातून हेनोको निष्पन्न होत नाही. क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात इतके तळ एका बेटावर दाटून ठेवणं धोक्याचं आहे, हे अमेरिकी लष्करी अभ्यासकच सांगत आले आहेत, आणि मरीनांपैकी हजारोंना ग्वामला व इतरत्र हलवण्याचं २०१२ मध्ये ठरलं ते काही ठिय्यावाल्यांना खूश करायला नव्हे. शिवाय १९४५ चा धडा या बेटाला पाठ आहे: मुख्य भूमीच्या रक्षणासाठी त्याला लढवण्यात आलं आणि त्याचं रक्षण कुणी केलं नाही. संरक्षण हवं की नको, हा एक प्रश्न. त्याचा भार कुणी उचलायचा आणि ते कुणाला विचारून ठरवायचं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर देणं टाळायला पहिला पुढे केला जातो.

पैशाचा आक्षेप त्यामानाने हलका. १९७२ मध्ये प्रांताच्या उत्पन्नात तळांचा वाटा १५ टक्क्यांच्या वर होता, आता तो पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. नाहाचा शिंतोशिन भाग, जिथे आज उंच इमारती, दुकानं आणि संग्रहालय आहे, तो अमेरिकी कुटुंबांच्या वसाहतीची परत मिळालेली जागा आहे. प्रांताच्या हिशेबात तिथली उलाढाल परतीनंतर ३२ पट झाली. तरी पैसा चळवळीला पोखरतो हे नाकबूल करता येत नाही, फक्त तो वेगळ्या वाटेने येतो. नाहातले जमिनीचे दलाल 'लष्करी जमीन' गुंतवणूक म्हणून विकतात: भाडेकरू जपान सरकार, भाडं कधी चुकत नाही, दरसाल थोडं वाढतं. हजारो मालकांना पट्टा संपायलाच नको आहे. नागोत २०१८ मध्ये तळाला उघड विरोध करणारा महापौर हरला, जून २०२४ मध्ये प्रांतिक विधानसभेतलं गव्हर्नरच्या बाजूचं बहुमत गेलं. तरुणांना महागाई आणि मजुरी यांची चिंता जास्त आहे. यावरून लोकांनी तळ स्वीकारले असं ठरवणारे घाई करतात. दर वेळी मत देऊनही काही हलत नाही हे पाहिलेला मतदार त्या प्रश्नावर मत द्यायचं थांबतो. मात्र थकवा हाही धोरणाचा भाग असू शकतो, आणि त्यावर ठिय्यावाल्यांकडे उतारा दिसत नाही, हे मला कबूल करावं लागतं.

आणि हेनोको बांधून झालं तरी फुतेन्मा परत मिळेल याची खात्री नाही. तिथल्या धावपट्ट्या सुमारे १,८०० मीटरच्या, फुतेन्माहून बऱ्याच आखूड. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनिसांनी २०१७ मध्ये त्यावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी जपानच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की लांब धावपट्टीच्या नागरी विमानतळाची सोय होण्यासारख्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर फुतेन्मा परत येणार नाही. काम २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तरी पुरं होत नाही. दरम्यान १९७२ मध्ये जपानी दिवाणी कायद्याप्रमाणे वीस वर्षांसाठी केलेले पट्टे १९९२ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये वाढवण्यात आले. त्यांची मुदत मे २०३२ ला संपते. काही हजार मालकांनी एकेक त्सुबो, म्हणजे साधारण छत्तीस चौरस फूट किंवा त्याहूनही कमी जमीन मिळून घेऊन ठेवली आहे, केवळ सही न देण्यासाठी. १९८२ पासून ही युक्ती चालू आहे. त्यांच्या नावावरच्या तुकड्यांसाठी सरकारला पुन्हा सुनावण्या घ्याव्या लागतील, पुन्हा मोजणी करावी लागेल, पुन्हा नोटिसा काढाव्या लागतील.